परबांचं काडतूस

शेजारचे परब टी-बॅगा फोडतात. चहा करायला नव्हे, वजन करायला! सुट्टीच्या दिवशी सोनाराकडे असतो तसा इवलासा काटा मांडून बसतात, एकेका पिशवीतली पूड तोलतात, कमी असेल तिथे चिमूटभर घालतात, जास्त असेल तिथली काढतात आणि पिशवी पुन्हा बंद करतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो. ते हसले नाहीत.

"कंपनीचो भरवसो काय, कुलकर्णी? रायफलचा काडतूससुद्धा असाच. तयार घेतलास तर एकात दारू जास्ती, एकात कमी. मगे एक गोळी खय, दुसरी खय. खरो शिकारी आसा तो काडतूस हातान भरता."

वर्ल्ड कप तोंडावर आलेला, दोह्यात कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिस, आणि हा गृहस्थ सकाळी दहा वाजता काडतुसं भरायच्या गोष्टी करतोय!

परब मूळचे कुडाळचे, इथे स्टेडियमच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर. दोह्याला लागूनच्या अल रय्यानमध्ये एका व्हिलाचे दोन तुकडे करून मालकाने भाड्याने दिलेत. एकात आम्ही चौघं, दुसऱ्यात परब एकटे. मधली भिंत जिप्समची, म्हणजे नावालाच भिंत. माणूस जन्माचा संशयी. सुपरमार्केटच्या वजनावर संशय, मोबाइलमधल्या हवामानावर संशय. वारा स्वतःच्या डोळ्यांनी कळावा म्हणून गच्चीवर लाल फीत बांधलेली. पण खरं सांगतो, त्यांना जगाचा येत नसेल एवढा संशय मला त्यांचा यायला लागला होता.

त्याला कारण ती भिंत. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, अकराच्या सुमाराला पलीकडून परबांचा आवाज यायचा, "अंतर चारशे मीटर. वारो डावीकडसून. हलकी गोळी जोरात जाता, पण वाऱ्यान भरकाटता. जड घेवया. एका गोळयेत आडवो होऊक होयो."

आमच्या गच्चीवरून स्टेडियम दिसतं. मी अंतराचा अंदाज घेतला. बरोबर चारशे मीटर!

बायको म्हणाली, "अहो, उद्या पोलिस आले तर त्यांच्याबरोबर आपलीही वरात निघेल. तुमची नोकरी, पोरींची शाळा, सगळं खलास! मालकाला सांगून टाका."

सांगून टाका म्हणे! आसपास परबांची भाषा कळणारे आम्ही नवरा-बायकोच. मी तोंड उघडलं तर त्या माणसाच्या आयुष्याचं मातेरं, नाही उघडलं तर माझ्या. आठवडाभर झोप नाही. शेवटी मीच त्यांना गाठलं.

"परब, तुमच्याकडे ते... बंदूक वगैरे आहे का हो?"

"हयसर? खुळावलास काय?"

"मग काडतूस कोणासाठी?"

"अजून ठरूक नाय," एवढंच ते पुटपुटले आणि दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी ठरवलं, शुक्रवारी मालकाकडे जायचं.

शुक्रवारी निघालो. परबांचा एसी बिघडलेला, त्यामुळे दार सताड उघडं. आतून तेच, "अंतर चारशे मीटर." मी डोकावलो. फोनच्या पडद्यावर बनियन घातलेले एक अगदी थकलेले म्हातारबाबा होते. परब त्यांना म्हणत होते, "साहेब, ह्या नवीन काडतूस बघा. डुकराक एकदम बरा."

"हलक्या आसा ता," म्हातारबाबा कडाडले. "दुकान चालवतस आणि इतक्या कळना नाय? दुसऱ्या दाखय!"

मला बघून परबांनी फोनवर हात ठेवला. "बापूस माझो. शेतात डुकरा येयत ती मारी. आता सगळा इसारलो. घर, नातवंडा, मी. माका काडतुसाचो दुकानदार समाजता. गोळयेचा वजन मात्र तोंडपाठ! एकदा मी म्हटलंय, ह्याच घेवा. 'बरा' म्हटल्यान आणि फोन ठेवल्यान. तेवापासून मी ठरूकच देणंय नाय. वर्ल्ड कप होईसर गावाक जावची सुट्टी बंद. तवसर काडतूस पसंत पडता नये."

मला माझीच लाज वाटली. मालकाकडे जायला निघालेला मी तसाच तिथे खाली बसलो.

परबांनी फोनवरचा हात काढला. म्हातारबाबा आता आवाज खाली आणून बोलत होते.

"दुकानदारानु, माझो झील, माझो पोरगो, आसा कतारात. सालस आसा. बंदुकीच्या आवाजाक मात्र भियता, कान धरून रडता. तो इलो काय तेका तुमच्याकडे घेऊन येतंय. ओरडा नको हां तेका."

"नाय ओरडणंय," परब म्हणाले. "घेऊन येवा, साहेब."