कजरी बोलते इंग्रजीत

"यंदा वाशीमला आपल्याच शाळेचं इंग्रजी गाजणार!" ज्योत्स्ना मॅडमनी केनवडच्या पालकसभेत छातीठोकपणे सांगून टाकलं.

योजनाच तशी झकास होती. प्रत्येक मुलानं घरातल्या लाडक्या गोष्टीचा व्हिडिओ काढायचा, त्यावर आपल्या आवाजात इंग्रजी बोलायचं, की मोबाइलवर गोष्ट तयार! सातवीतली संस्कृती वर्गात 'येस मॅडम'च्या पुढे कधी सरकली नव्हती. तिनं आपल्या म्हशीचा व्हिडिओ आणला. "धिस इज कजरी. टू टाइम्स मदर. टेन लिटर मिल्क. नो किक!" मॅडम हरखल्या. त्यांनी शेवटी तिच्या वडिलांचं नाव अन् नंबर घालून व्हिडिओ गावच्या ग्रुपवर सोडला.

आता म्हैस समोरून, मागून, कास जवळून, अन् खाली मोबाइल नंबर! आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो: म्हैस विकायची आहे. संस्कृतीनं जन्मात पाहिलेले व्हिडिओ तेच, म्हणून तिनं तसाच काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संस्कृतीच्या वडिलांचा, बबनरावांचा फोन आला. "मॅडम, लवकर या! तुमच्या व्हिडिओनं म्हशीले गिऱ्हाईक आणलं!"

मॅडम धावत पोचल्या. जवळच्याच मालेगावचे व्यापारी मोहनसिंग गोठ्यात उभे होते. बबनरावांना म्हैस विकायची नव्हतीच, पण मोहनसिंगांनी आकडा सांगितला अन् गडी विरघळला. संस्कृती कजरीच्या गळ्यात पडून रडत होती.

"व्हिडिओत तूच बोलली ना?" मोहनसिंग म्हणाले. "बोल अजून. मलेबी इंग्लिश समजते!"

संस्कृतीनं डोळे पुसले. बापाकडे पाहिलं. बापाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं!

"कजरी किक्स!" ती कडाडली. "एव्हरी डे किक्स! ओन्ली वन लिटर मिल्क! शी ड्रिंक्स हर ओन मिल्क! यस्टरडे शी बिट माय अंकल!"

बबनरावांची छाती फुगली. "पाहा शेठ, कशी फाडफाड बोलून राह्यली! येस, येस! सारं खरं हाये!"

मॅडमच्या अंगावर काटा आला. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती, पण काय सुंदर बोलत होती! एकदाही अडखळली नाही!

"मॅडम, बरोबर हाये का हे?" मोहनसिंगांनी विचारलं.

"इंग्रजी अगदी बरोबर आहे!" मॅडम म्हणाल्या.

मोहनसिंग मोटारसायकलवर बसले ते थेट मालेगावकडे.

"काहून गेले हो?" बबनराव बुचकळ्यात पडले. "जाऊ द्या! उद्या वाशीमचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. संस्कृतीले सुट्टी द्या मॅडम. सारं बोलणं हिलेच करू द्या!"

मॅडमनी सुट्टी तिथल्या तिथं मंजूर केली. अन् जाता जाता संस्कृतीच्या कानात जनावरांच्या चार रोगांची इंग्रजी नावं सांगितली.