तिसऱ्या पंगतीचा लेखक

आधी गप ऐक. मधे बोलायचं नाही, माझी लिंक तुटते.

आपला मृत्युंजय आहे की, भवानी पेठेतला, टॉवेल-चादरीच्या दुकानाचा. तो ब्लॉग लिहितो. हसू नको. व्हिडिओच्या जमान्यात ब्लॉग लिहिणं म्हणजे एलईडीच्या दुकानासमोर कंदील विकायला बसणं, हे मी पण त्याला सांगून बघितलं. तर म्हणला, "म्हणूनच तर. स्पर्धाच नाही."

स्पर्धा नव्हतीच. सुरुवातीला 'आयुष्य आणि मी' असलं काहीतरी लिहायचा. वाचणारे कोण? एक तो मोबाईलवर, आणि परत तोच दुकानातल्या कॉम्प्युटरवर. कमेंट यायच्या, पण त्या टकलावर केस उगवून देणाऱ्या तेलवाल्यांच्या. त्यांना पण हा 'मनःपूर्वक आभार' लिहायचा.

मग एका लग्नात पाणचट आमटी प्यायला आणि पठ्ठ्याला विषय सापडला. ब्लॉगचं नाव ठेवलं 'तिसरी पंगत'. पहिल्या पंगतीला व्याही आणि पुढारी, त्यांना सगळेच चांगलं वाढतात. घराची दानत कळते तिसऱ्या पंगतीला, जेव्हा आमटीत पाण्याचा तांब्या ओततात आणि वाढप्याचा हात आखडतो. हा मुद्दाम तिसऱ्या पंगतीला बसणार आणि घरी येऊन लिहिणार, 'हुग्गीत गूळ होता, पण ओळख द्यायला लाजत होता.' हुग्गी म्हणजे आपल्या लग्नातली गव्हाची खीर, तिच्यावर असं लिहिल्यावर लोक सोडतात व्हय? समाजाच्या सगळ्या ग्रुपवर लिंक फिरायला लागली. नाव मात्र कुठंच टाकलं नाही. टाकलं तर लग्नाला बोलावणार कोण? ब्लॉग कुणाचा, हे फक्त मला आणि त्याच्या बहिणीला, महेश्वरीला माहीत.

"मला ओळखणारा सोलापुरात अजून जन्मायचाय," म्हणायचा. लई रुबाब.

आणि सगळ्यात मोठा चाहता कोण? खुद्द त्याचे अप्पा, कल्लप्पा. दुकानात गिऱ्हाईक थांबवून पोस्ट मोठ्यानं वाचायचे आणि वाचून झाल्यावर पोराकडं बघून म्हणायचे, "ह्याला म्हंतात डोकं. असला एक आपल्या घरात निपजला असता तर?" हा समोर टॉवेलच्या घड्या घालत उभा. आतून पोळीसारखा फुगलेला. मला म्हणला, "महेश्वरीच्या लग्नावर झक्कास पोस्ट टाकायची आणि खाली पहिल्यांदा नाव. मग अप्पांचं तोंड बघायचं." लई निःपक्षपाती लेखक बघ.

महेश्वरीचं लग्न बार्शीच्या घरात ठरलं आणि अप्पांची झोप उडाली. खर्चानं नाही, ब्लॉगवाल्यानं. "त्यो येणार. तिसऱ्या पंगतीला बसणार. त्याला हुडकायचा आणि असा जेवू घालायचा, की एक उणा शब्द लिवता येऊ ने."

हुडकायचं काम कुणाला दिलं असेल?

"मृत्या, दारात थांब. ताटाचा फोटो काढंल त्यो समजायचा. तसंबी तुला दुसरं काय जमतंय?"

म्हणजे लग्नाच्या दिवशी हा कार्यालयाच्या दारात स्वतःला शोधत उभा, आणि मी हुग्गीची बादली घेऊन वाढायला. तिसऱ्या पंगतीसाठी अप्पांनी वांग्याची भाजी वेगळी, ताजी करून घेतली होती, आचाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून. आचाऱ्यानं मीठ टाकलं. मग काळजीपोटी अप्पांनी पण टाकलं. भाजी अशी झाली, की घास घेतलेला माणूस समुद्रात पडून आल्यासारखा दिसत होता.

त्याच पंगतीत नवरदेवाचे काका बसले, विरुपाक्ष काका. साधा माणूस, शुगरवाला. काकू गुडघ्यामुळं बार्शीतच राहिलेल्या, पण हुकूम देऊन. जेवायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा, गोड दिसलं तर घरात घेणार नाही. हुग्गी अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, तेवढ्यात काकांनी भाकरी, वांगं आणि शेंगाचटणीचा फोटो काढून घेतला.

"घावला," अप्पा म्हणले.

मृत्युंजय पळत आला. "अप्पा, ते नवरदेवाचे काका आहेत."

"म्हणून तर नाव लपवायलंय की."

अप्पांनी माझ्या हातातला डाव घेतला आणि स्वतः वाढायला गेले. काका ताटावर हात आडवा धरून, "बास, बास, मला चालत न्हाय." अप्पा वाकले आणि डोळा मारून म्हणले, "तुमीच लिवलंय नव्हं, आग्रहाशिवाय जेवण म्हंजी दवाखान्यातलं जेवण?"

ते वाक्य मृत्युंजयचं. सगळ्यात आवडतं. तो शेजारीच उभा होता आणि तोंड असं, की वांग्याची भाजी न खाता खारट झालेलं.

काकांना ओ की ठो कळेना. पण फोटो गेला होता, काकूंचा शाब्बासकीचा अंगठा पण आला होता, आणि पुढ्यात तूप सोडलेली हुग्गी वाफाळत होती. काकांनी आडवा हात हळूच काढून घेतला.

"व्हय. लिवलं असंल," म्हणले.

झालं! ह्या पंक्तीतून त्या पंक्तीत बातमी गेली. काकांचे थोरले भाऊ, म्हणजे महेश्वरीचे सासरे, सकाळपासून त्यांना चपलांवर लक्ष ठेवायला बसवत होते. ते आता तुपाचं भांडं घेऊन धावत आले. बायका पदर सावरून डोकवायला लागल्या. एकानं सेल्फी काढली.

मृत्युंजयला दोन भीत्या. काकांची शुगर चढते का, आणि आपला ब्लॉग जातो का. खरं सांगू? दुसरी जास्त होती. त्यानं अप्पांना भटारखान्यात ओढलं.

"अप्पा, ते 'तिसरी पंगत' माझं आहे. मी लिहितो."

अप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू? दुकानाच्या बोर्डासाठी दोन ओळी लिव म्हणलो, तर दिवाळी गेली, संक्रांत गेली."

ह्यानं मोबाईलवर ब्लॉग उघडून दाखवला.

"हे माझ्याबी मोबाईलमधी उघडतंय. मग मीबी लेखक?"

"महेश्वरीला विचारा. तिला सगळं माहितेय."

गेले दोघं नवरीकडं. महेश्वरीनं ऐकून घेतलं, पलीकडं नजर टाकली. सासरे स्वतः काकांना तूप वाढायले होते. मग शांतपणे म्हणली, "अप्पा, अण्णाला कुठलं लिहिता येतंय?"

अप्पा समाधानानं निघून गेले. हा तिथंच, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.

"अण्णा, गप बस की जरा," ती हळूच म्हणली. "आमच्या घरात काकांना कोण विचारत नव्हतं. आज पहिल्यांदा सगळे त्यांच्याशी बसून बोलायलेत."

आमच्या घरात! अक्षता अजून केसातून पडायच्या होत्या.

तू माझ्याकडं काय बघतोस? मी काय सांगणार? माझ्या हातात बादली होती. आणि मला विचारलं कुणी?

तेवढ्यात अप्पांनी माईक घेतला आणि दुकानातली सगळ्यात भारी चादर काकांच्या खांद्यावर घातली. काका म्हणले, "अवो, मी लेखकबिखक काय न्हाय." टाळ्या. मागून कुणीतरी म्हणलं, "केवढा नम्र माणूस." काका म्हणले, "अवो, खरंच न्हाय." आणखी टाळ्या. मग काकांनी पण नाद सोडला. "बरं. आजच्या जेवणावर संध्याकाळी लिवतो."

निघायच्या वेळेला खांद्यावरच्या चादरीसकट काकांनी मृत्युंजयला कोपऱ्यात घेतलं.

"पोरा, त्यो लिवणारा तूच हैस नव्हं? तुझं तोंड बघूनच कळलं मला."

मृत्युंजयचे डोळे भरून आले. दिवसभरात ओळखलं ते एकाच माणसानं, आणि तेही चोरानं.

"मग संध्याकाळी जरा बरं लिव," काका म्हणले. "माझी इज्जत हाय आता. आणि हुग्गीचं नाव काढू नको. बायको वाचती."

आणि गाडीत बसून गेले की बार्शीला.

आता बघ. हुग्गी हीच एक गोष्ट त्या दिवशी झकास झाली होती, आणि तीच लिहायची नाही. वांग्याचं खरं लिहावं, तर दुसरं मीठ अप्पांचं. शिव्या द्याव्यात, तर काकांच्या नावावर जाणार आणि महेश्वरीला तिथं नांदायचंय. गोड गोड लिहावं, तर वाचणारे म्हणणार, तिसरी पंगत एका चादरीत विकली गेली. आणि काहीच नाही लिहिलं, तर परत टकलाच्या तेलवाल्यांचे आभार मानत बसायचं.

संध्याकाळी तो दुकानात मोबाईल धरून बसलेला. मी शेजारी. अप्पा दर घोटाला चहाचा कप खाली ठेवून स्वतःचा मोबाईल बघायलेत, पोस्ट आली का, हुग्गीवर काय लिवलंय. मधेच चष्म्यावरून पोराकडं बघून म्हणले, "नुसतं मोबाईल घेऊन बसू नको. त्या काकांकडनं शीक जरा."

आणि मृत्युंजय माझ्याकडं बघतोय, अंगठा पोस्ट टाकायच्या निळ्या बटणावर.

आता तूच सांग. तू काय लिहिलं असतंस?