निरोगी गट

पहिल्या शनिवारी तीसही जण पैकीच्या पैकी गुण मिळवून मोकळे झाले, तेव्हा डॉ. श्रुतिकाला आनंद झाला नाही. साठीच्या पुढची तीस माणसे आणि एकही चूक नाही, अशी इमारत संख्याशास्त्रात बसत नाही. मुंबईतल्या नाहूरमध्ये तर नाहीच.

तिचे संशोधन ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर होते. प्राणवायू वापरताना शरीरात काही दाहक रेणू तयार होतात. त्यांचा बंदोबस्त झाला नाही तर पेशींची हानी होते आणि मेंदूच्या पेशी त्यात लवकर बळी पडतात. याला 'मेंदूचा गंज' म्हणणे तिला पसंत नव्हते, पण अनुदान समितीला होते. विसराळूपणा दिसू लागण्याआधीच या हानीच्या खुणा रक्तात सापडतात का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी तुलनेला निरोगी वृद्ध हवे होते. ते तिने स्वतःच्याच सोसायटीतून गोळा केले, त्यांचे रक्त घेतले आणि स्मरणचाचणी ठेवली: पाच शब्द ऐकायचे आणि दहा मिनिटांनी सांगायचे. हे गुण खरे नसतील, तर दोन वर्षांचे रक्त मोरीत ओतावे लागणार होते.

शंका जयवंतकाकांमुळे पक्की झाली. त्या दिवशी ते चाचणीसाठी सोसायटीच्या ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कंदील, जिना, साखर, होडी, झाकण."

"काका, मी शब्द अजून सांगितलेच नाहीत."

"इचारतलंस ना? मगे येळ कित्याक घालवूचो?"

श्रुतिकाने रागावण्याऐवजी प्रयोग केला. एक नवी यादी आपल्या संशोधन संस्थेच्या कपाटात ठेवली, दुसरी घरी स्वतःच्या बॅगेत. दुसऱ्या शनिवारी तिने कपाटातली यादी वाचून दाखवली. दहा मिनिटांनी सगळ्यांनी एकमुखाने बॅगेतली म्हटली.

म्हणजे पेपर घरातून फुटत होता. घरात माणसे दोन. त्यांतली एक प्रयोग करत होती.

दुसरी, म्हणजे तिची आई आणि तिसांपैकीच एक असलेली मालन, ओट्याशी कोळंबी सोलत होती.

"आई, माझ्या बॅगेतली यादी कोणी घेतली?"

"मी. झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटली."

"अगं, पण का?"

"शेजारच्या लताला तिच्या पोराने सांगितलंय, डोक्याचा रिपोर्ट वाईट आला तर तुझी रवानगी गावाला. बाकीच्यांच्या घरी काय वेगळं आहे?"

"रिपोर्ट मुलांना देणार नाही, असं मी लिहून दिलंय ना!"

"लिहून बिल्डरनेपण दिलं होतं."

"त्यांचं कळलं. पण तुला कशाला भीती? तुला कोण गावाला पाठवतंय?"

मालनचे हात थांबले. "मला चिठ्ठी बघूनपण पाठ होईना गं. दोन्ही वेळा तळहातावर लिहून आले. म्हटलं, सगळेच पहिले आले तर माझ्याकडे कोण कशाला बघेल?"

तीस नमुन्यांत एक नमुना असा होता, की त्यातली हानी इतरांच्या दुप्पट होती. पूर्ण गुण मिळवणाऱ्या माणसाचे रक्त असे असणार नाही, म्हणून श्रुतिकाने दोनदा यंत्राला दोष दिला होता. नमुन्यांवर नावे नसतात, फक्त क्रमांक असतात. तो क्रमांक कोणाचा, हे उघडून पाहायचा मोह तिने नियमाप्रमाणे टाळला. गरजही उरली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी तिने शब्द जागच्या जागी ठरवले. मालनने मात्र आपल्याला काही पाठ होत नाही, हे आदल्या आठवड्यात लताकाकूंच्या कानावर घातले होते.

जयवंतकाकांना पाचांपैकी एकही शब्द आठवला नाही. त्यांच्यामागून आलेल्यांनाही नाही. लताकाकूंना सोसायटीतल्या प्रत्येक भांडणाची तारीख आणि वार पाठ. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "शब्द? कसले शब्द? तू कोणाची गं?"

"काकू, प्लीज. माझी वाट लागेल."

"लागू दे. एकटी मालनच नापास होणार असेल, तर आम्हाला नाही पास व्हायचं."

एकोणतीस शून्ये झाली. शेवटी मालन आली. दहा मिनिटे डोळे मिटून, ओठ हलवत बसली.

"ताट," ती म्हणाली. मग कोरा तळहात उघडून पाहिला. "दोरी. एवढंच येतंय गं."

लताकाकू दारातूनच करवादल्या, "अगं मालन! काल जिन्यात ठरलं होतं ना, कोणीच काही सांगायचं नाही म्हणून? तूच तर हो म्हणालीस!"

"कधी ठरलं?" मालनने विचारले. तिने खरोखरच विचारले होते.

श्रुतिकाने तक्त्यात दोनाचा आकडा लिहिला. त्या दिवशी इमारतीत तिची आई पहिली आली होती, आणि तीस आकड्यांत तेवढा एकच खरा होता.