भाऊरावांच्या नावाची झोप

धौलाकुआँच्या सिग्नलला दिवा दोनदा हिरवा झाला, दोनदा लाल झाला, तरी मंत्रालयाची पांढरी गाडी जागची हलेना. मागच्यांनी आधी हॉर्न वाजवले, मग खास दिल्लीच्या शिव्या दिल्या, आणि शेवटी ट्रॅफिक हवालदाराने काचेवर टकटक केलं तेव्हा कुठे चालक भाऊराव जागे झाले.

"सोया नहीं था सर, आँख में कुछ चला गया था," ते मागे न बघताच म्हणाले.

दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी काय गेलं, हे साहेबांनी विचारलं नाही. साहेब सज्जन होते. उतरताना एवढंच म्हणाले, "भाऊराव, नींद की जाँच करवा लीजिए। जब तक डॉक्टर लिखकर न दे, गाड़ी कोई और चलाएगा।"

ओरडणाऱ्या साहेबाचं काही वाटत नाही, पण सज्जन साहेबाचं बोलणं वर्मी लागतं. भाऊराव सत्तावीस वर्षं स्टिअरिंगवर होते, रिटायरमेंटला तीन उरली होती. गाडी काढून घेतलेल्या चालकाचं काय होतं, हे त्यांनी हणमंताकडे बघून ओळखलं होतं. नजर अधू झाली म्हणून हणमंताला डाक विभागात बसवलं. तेव्हापासून तो पाकिटं चिकटवायचा आणि पार्किंगमधल्या गप्पांना यायचंही त्याने बंद केलं होतं.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बायकोने, प्रभाताईंनी, हे सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, मी वीस वर्षं सांगतेय. तुमचं घोरणं मध्येच बंद पडतं. मग मलाच उठून बघावं लागतं, माणूस आहे की गेला."

"आमच्या घरात सगळेच घोरतात," भाऊराव म्हणाले. "बाबा घोरायचे, आजोबा घोरायचे. दोघंही झोपेतच गेले, कुणाला काडीचा त्रास न देता. असं मरण नशीबवानालाच येतं."

हे ते नेहमीच अभिमानाने सांगत. वडिलांनी शेत ठेवलं नव्हतं की घर; निदान घोरणं तरी ठेवलं होतं.

दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका दवाखान्याने घरीच तपासणी करायचं ठरवलं. एक माणूस डबीएवढं मशीन घेऊन आला. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा. फॉर्मवर त्याने नाव लिहिलं, वजन लिहिलं चौऱ्याण्णव किलो, आणि टेप काढून भाऊरावांची मानही मोजली. "रात को लगाकर सो जाइए अंकल, सुबह ले जाऊँगा," म्हणून तो गेला.

भाऊराव मशीनकडे बघत बसले आणि त्यांचं सरकारी डोकं चालू लागलं. एवढ्या नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते, कागदावर ज्याचं नाव, काम त्याचं. हजेरीच्या रजिस्टरवर एकेकाने तीन-तीन जणांच्या सह्या केलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि तिघेही हजर ठरले होते. आत कोण झोपलंय हे त्या डबीला थोडंच कळणार होतं.

घरात झोपणारं माणूस तयारच होतं. मुलगी लुंबिनी, चोवीस वर्षांची, फुंकर मारली तर उडेल इतकी बारीक. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न हुकले होते, तिसरा तोंडावर होता. पुस्तक उघडलं की हिचे डोळे मिटायचे. एकदा तर भर पेपरात ती पंधरा मिनिटं झोपली होती. "आळस आमच्या खानदानात नव्हता," हे वाक्य भाऊराव तिला रोज सकाळी चहासोबत ऐकवायचे. पण एक होतं, पोरगी घोरत नव्हती.

"एक रात्र हे लावून झोप बेटा," ते म्हणाले. "तुला तर झोपायला आवडतंच."

"पप्पा, ही चीटिंग आहे यार."

"चीटिंग कसली? झोपच तर आहे. घरातल्या घरात."

लुंबिनीने जरा विचार केला. "अच्छा, ठीक आहे. पण महिनाभर मला आळशी म्हणायचं नाही."

"बिल्कुल नाही."

प्रभाताईंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेल्या. सकाळी मशीन नेणारा माणूस येऊन गेला, नऊ वाजले, तरी लुंबिनी उठली नाही. "आळशी कुठली," भाऊराव पुटपुटले. करार बारा तासही टिकला नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. रिपोर्ट बरा नाही, घरच्या कोणाला तरी घेऊन या. भाऊरावांना वाटलं, मशीनने ओळखलं की काय? सोबत येण्याविषयी विचारलं तर प्रभाताईंनी साफ सांगितलं, "जिची झोप दिलीत, तिलाच न्या."

डॉक्टर साधना नागपूरच्या निघाल्या. भाऊरावांना जरा धीर आला. लुंबिनी नोट्स घेऊन बाहेर बसली.

"तासाला एकतीस वेळा श्वास अडतोय," डॉक्टर म्हणाल्या. "घोरण्याचा आवाज कमी आहे, पण ऑक्सिजन फार खाली जातो. तुमचं वजन, मानेचा घेर, वय, सगळीच कारणं जमून आलीत. दारू, सिगारेट?"

"नाही."

"घरात आणखी कोणाला होतं असं?"

"बाबा घोरायचे. छप्पन्नाव्या वर्षी गेले. झोपेतच, अगदी शांत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि आजोबा?"

"तेही झोपेतच."

"आता खात्रीने कोणी सांगू शकणार नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण मी याला शांत म्हणणार नाही. उपचार सुरू होईपर्यंत गाडी चालवायची नाही. मी तसं लिहून देते."

लिहून देते म्हटल्यावर भाऊराव डॉक्टरांच्या पेनाकडे बघू लागले. सत्तावीस वर्षं एका सहीत जाणार होती. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते चक्क हसले.

"डॉक्टर, लिहू नका. हा रिपोर्ट माझा नाहीच. मी ते मशीन लावलंच नव्हतं."

"मग कोणी लावलं?"

"माझ्या मुलीने. ती तर एकदम..."

बारीक, असं त्यांना म्हणायचं होतं. पण म्हणजे तो रिपोर्ट तिचा होता. हसूही कुठे गेलं ते कळलं नाही.

"वजन किती तिचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"दिवसा झोपते?"

"पुस्तक उघडलं की. दहावीपासून. मी तिला आळशी म्हणतो."

डॉक्टर उठून दाराशी गेल्या. बाहेर लुंबिनी खुर्चीत मान मागे टाकून झोपली होती, मांडीवर नोट्स तशाच उघड्या. "हनुवटी बघा, किती मागे आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जबडा लहान, म्हणजे जिभेला जागा कमी. झोपेत जीभ मागे पडते आणि वाट बंद. तुमचीही तशीच असणार, दाढीमुळे दिसत नाही. वजन माणूस खाऊन कमावतो. जबडा वारशाने येतो."

भाऊराव लेकीसमोर उभे राहिले. तिची छाती हलत नव्हती. त्यांनी मोजायला सुरुवात केली. आठ, नऊ, दहा. बारावर ती दचकून श्वास घेती झाली आणि पुन्हा झोपली. नऊ वर्षं ज्याला ते आळस म्हणत आले, ते हे होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुमची टेस्ट अजून झालेलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कागदावर तुमच्याविरुद्ध काहीच नाही."

तेवढंच तर त्यांना हवं होतं. भाऊरावांनी फोन काढला आणि साहेबांना लावला.

"सर, गाड़ी किसी और को दे दीजिए।"

"रिपोर्ट आ गई?"

"मेरी नहीं आई सर. बेटी की आई है।"

"बेटी की? तो आप क्यों छोड़ रहे हैं?"

"एक ही बात है सर," भाऊराव म्हणाले. साहेबांना काही उमगलं नसावं, पण सज्जन असल्यामुळे त्यांनी विचारलं नाही.

बोलण्याच्या आवाजाने लुंबिनी जागी झाली. गडबडीने नोट्स गोळा करत म्हणाली, "सॉरी पप्पा, झोप लागली."

भाऊराव तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"नाही गं बेटा," ते म्हणाले. "नऊ वर्षांत तू झोपलीच कुठे आहेस."