गाडी पसंत आहे

भारतीला बघायला पाहुणे येणार म्हणून मिरजगावच्या सहादेवरावांनी घरात पोहे तयार ठेवले आणि दारात नवी सुमो. पोहे घरचे होते. सुमो मेव्हण्याची, खर्ड्याच्या गोरक्षनाथाची.

आधीची दोन स्थळे "घर बेताचं दिसतंय" म्हणत उठून गेली होती. तिसरेही गेले असते, तर केशरबाईंनी नवऱ्याला सुखाने घास गिळू दिला नसता. म्हणून त्यांनीच भावाला गळ घातली.

गोरक्षनाथ म्हणाला, "गाडी आनतो, पन किल्ली कुनाच्या हातात देनार न्हाई. मीच चालवनार."

त्यामुळे भारतीचा सख्खा मामा त्या दिवसापुरता ड्रायव्हर झाला. खांद्यावर फडके आले आणि त्याचा चहा ओट्यावर गेला.

कोपरगावचे छगनराव मुलाला, प्रशांतला घेऊन एसटीने आले. भारती पोहे घेऊन बाहेर आली.

"नाव काय?" छगनरावांनी विचारले.

"भारती."

"बरं," म्हणत त्यांनी तिच्या खांद्यावरून अंगणात पाहिले. "किती मानसं बसत्यात हिच्यात?"

"आठ," सहादेवरावांनी ठोकून दिले.

"धा!" ओट्यावरून आवाज आला. "मागच्या आडव्या बाकांवर चौघं. पन ज्याला गाडी लागती, त्याला मागं बसवू नका."

"डिझेल?"

"पिते चांगली," सहादेवरावांनी लेकराचे कौतुक करावे तसे सांगितले.

"पीत न्हाई!" ओटा कळवळला. "आन कसल्या बी खड्ड्यात पोट टेकत न्हाई. म्हाताऱ्या मानसाला चढायला पायरी हाय."

पाहुणे उठले. बैलाचे दात बघावेत तसे टायर बघितले. प्रशांत स्टेअरिंगवर बसून हॉर्न वाजवून आला. भारतीला बी.ए.ला पहिला वर्ग मिळाला होता. पण ते ऐकायला बैठकीत कोणी उरलेच नव्हते. पोहे गार झाले.

अखेर छगनराव परत येऊन टेकले. "पसंत हाय," ते म्हणाले. काय पसंत, ते कोणी विचारले नाही. "आमी हुंड्याच्या इरोधात हाय बरं का. एक रुपाया नको. पोरगी ज्या गाडीतनं सासरी येईल, ती परत न्यायचा तरास तेवढा घेऊ नका."

सहादेवरावांनी आत पाहिले. दारातून केशरबाई डोळे वटारत होत्या. घाबरलेल्या माणसाची मान आपोआप हलते, तशी सहादेवरावांची हलली. "व्हय... बघू की."

ओट्यावर कपबशी वाजली.

"आन त्यो डायवर काढा," छगनराव म्हणाले. "लई बोलतो. मालकाच्या मधी तोंड घालतो."

फडके अंगणात येऊन पडले. "दाजी, बास झालं! गाडी माझी हाय! भारतीचा मामा हाय मी!"

केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. तिसरे स्थळ गेले, हे सहादेवरावांनी ओळखले. छगनराव उठलेही. पण जोड्यांकडे न जाता ते अंगणात गेले. त्यांनी फडके उचलले, आपली खुर्ची ओट्यावर आणून त्यानेच पुसली आणि गोरक्षनाथापुढे सरकवली.

"बसा मामासाहेब. गैरसमज झाला. तुमाला लेक हाय का?"

गोरक्षनाथाने बहिणीकडे पाहिले. दाजींकडे पाहिले. मग खुर्चीकडे.

"हाय की," तो बसत म्हणाला. "निकिता. कालिजात शेवटच्या वर्षाला हाय."

सकाळपासून नावाशिवाय एक शब्द न बोललेली भारती ट्रे घेऊन बाहेर आली.

"मामा, आता चहा आत देऊ, का वट्यावरच?"