शूर माणसाची खात्री

मुलांनो, आमच्या शाळेतले लिमये सर निबंध तपासायला दोरी घेऊन जात.

आठवीला ते दरवर्षी एकच विषय देत: 'माझ्या माहितीतला शूर माणूस'. इतिहासातले वीर त्यांना चालत नसत. "मेलेल्यांचा निकाल लागलाय," ते म्हणत. "मला जिवंत माणूस आण." मग शाळा सुटली की छत्री काखेत मारून सर त्या माणसाच्या घरी खात्री करायला निघत.

एका मुलीने लिहिलं, काकूने पंचवीस हात खोल विहिरीत उतरून वासरू काढलं. सरांनी विहिरीत दोरी सोडली. अठरा हात भरली. काकू शूर ठरल्या, मुलीचा अर्धा मार्क गेला. दुसऱ्या एकाचा मामा म्हणे बैलाला शिंगं धरून लोळवायचा. सर पोचले तेव्हा बैल खाली आणि मामा चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, चढून बसलेले. सर म्हणाले, "उतरा, मी धरतो." त्यानंतर दिवेलागणीपर्यंत दोघेही गडग्यावर होते.

मी तिथेच इंग्रजी शिकवायचे. ऐंशी सालानंतरची ती वर्षं आठवली की अजून पाठ दुखते. घर, शाळा, वह्यांचे गठ्ठे. मी तर निबंधांना न वाचताच दहापैकी सहा देत असे. सरांना ते माहीत होतं. ते फक्त मान हलवत.

त्या वर्षी राजिवड्याच्या रशीदाने आपल्या वडिलांवर लिहिलं. वडील चार वर्षं कुवेतला. सरांनी वही परत केली, तिथवर चालत कसं जाणार म्हणून. ती म्हणाली, "सर, अब्बा लांब आहेत, पण त्यांचा आवाज घरी आहे."

तेव्हा आखातातली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. गावाला येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून ती यायची. मग दर शुक्रवारी नमाजानंतर सगळं घर टेपभोवती बसून तीच कॅसेट ऐके, नवी येईपर्यंत.

बुधवारी सर गेले. रशीदाच्या दादीने त्यांना कॅसेट लावून दिली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. रशीदा पाण्याला गेली होती. कॅसेटवर आंब्यांची चौकशी, आईच्या गुडघ्यांची चौकशी, आणि मध्येच एक वाक्य: बांधकामाची परांची कोसळली, एकाला खालून ओढून काढलं, हात जरा दुखतोय, कौलं शाकारलीत का?

सरांना ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. त्यांनी टेप थोडी मागे नेली आणि एक बटण दाबलं. आवाज येईना. यंत्राला वेळ लागत असेल म्हणून चहा येईपर्यंत ते हाताची घडी घालून बसले. चहा आल्यावर टेप बंद केली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, "मॅडम, लाल बटण कशाचं असतं?"

मी सांगितलं, रेकॉर्डिंगचं, दाबलं की जुनं पुसलं जातं. त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि काल काय झालं ते सांगितलं.

मी तेव्हा काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, सर, त्या घरात दहा हात टेपला लागतात. गप्प राहा, कोण विचारणार आहे?

ते म्हणाले, "उद्या शुक्रवार आहे, मॅडम." आणि चपला घालून निघाले.

पुढचं मला रशीदाने फार वर्षांनी सांगितलं. सर ओसरीवर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की तुमच्या माणसाचा आवाज मी पुसला. रशीदाची आई उठून आत गेली. मग दादी म्हणाल्या, "मास्तर, माझ्या पोराचा आवाज घालवलात. आता त्याला तुम्हीच सांगा. बसा."

दादींनी लाल बटण दाबलं. सर टेपसमोर मांडी घालून बसले. आधी गुन्हा कबूल केला. मग लेकीचा निबंध सांगितला, तिला पैकीच्या पैकी दिल्याचं सांगितलं, कौलं शाकारलेली आहेत, मी वर बघून घेतलं, असं सांगितलं. मग हाताची चौकशी केली. मग म्हणाले, "माझ्या घरी बोलायला कोणी नाही. लांबलं तर माफ करा."

कॅसेट संपून खटका पडला. सरांना तो कळला नाही, ते बोलतच राहिले. दादींनी हातानेच सगळ्यांना खुणावलं, कोणी उठू नका.