घरातला एकच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

पासवर्ड टाकायची वेळ आली की गंगाधरराव खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडं तोंड करायला लावायचे. बायको, लेक, सून, आलेला पाव्हणा, कुणालाच सूट नाही. मग खांद्यावरचा टॉवेल की-बोर्डवर पसरायचा, त्याखाली हात घालून एका बोटानं अक्षरं शोधायची, आणि चुकलं की ओरडायचं, "कोण बघून राहिलं रे तिकडून?"

सेनगावात आमचं घर त्यांच्या समोर. एका कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. कपाटाच्या किल्ल्या कमरेला नसल्या की त्यांना घास गोड लागत नसे. ते निवृत्त झाले, किल्ल्या गेल्या, आणि घरात कॉम्प्युटर आला. जोडून दिला मीच.

"चौघांची चार खाती काढतो," मी म्हणालो. "तीन साधी, एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. साध्या खात्यातून रोजचं काम होतं. नवीन काही टाकायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो."

"म्हंजे माझ्याबिगर पान हालणार न्हाई?"

"नाही."

एवढा खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्या दिवसापासून घरात लेखी अर्ज सुरू झाले. त्यांच्या बायकोला, काशीकाकूंना, भजनांचं काहीतरी टाकून हवं होतं. "कारण लिवा," म्हणाले. काकूंनी लिहिलं, 'ऐकायला'. अर्ज नामंजूर, कारण मोघम. लेकाला, संजयला, प्रिंटर जोडायचा होता, तर अर्ज दोन छापील प्रतींत मागितला. सगळी गल्ली हसायची. मीही हसायचो.

मग रेखाची परीक्षा आली. रेखा म्हणजे त्यांची सून, डी.एड. झालेली. नोकरीची परीक्षा घरूनच द्यायची होती, त्यासाठी एक प्रोग्राम टाकायला हवा होता. तिनं चार दिवस आधी अर्ज दिला. यांनी त्यावर लाल पेनानं 'विचाराधीन' लिहून चष्म्याच्या घरात ठेवला आणि ऐन परीक्षेच्या सकाळी एका साखरपुड्याला हट्टा गावी निघून गेले. फोन लागेना.

परीक्षा अकराला होती. साडेदहाला रेखा पळत माझ्याकडं आली. "भाऊ, तुमाला तरी ठाऊक हाय का हो?"

मला कसा ठाऊक असणार? मीही भिंतीकडंच बघत उभा राहिलेला माणूस.

आम्ही नावं घालून पाहिली, जन्मतारखा पाहिल्या, कुलदैवत पाहिलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि भाकरी टाकायला उठली.

संध्याकाळी गंगाधरराव आले, टॉवेल पसरून बसले. "हं, सांग. काय टाकायचं होतं?"

"काही न्हाई मामा," रेखा म्हणाली.

दोन महिन्यांत संजयनं नांदेडला बदली मागून घेतली. तिकडं रेखाला एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं, हे काकूंकडून कळलं.

मग एका दुपारी गंगाधररावांनी मला बोलावलं. "रेखाचं खातं अजून हाये ना यात?"

"आहे."

"तिला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. मला साधं करा."

"ती नांदेडला बसून काय करणार त्याचं?"

"करा तुमी."

केलं. आता चालणार तो रेखाच्या खात्याचा पासवर्ड, आणि तो एकट्या तिलाच माहीत. आणि या माणसाला रोज काहीतरी नवीन टाकायची हौस सुटली. आज कॅलेंडर, उद्या घड्याळ. पडद्यावर खिडकी उघडून पासवर्ड मागायला लागली की हे नांदेडला फोन लावायचे. माझ्या ओट्यावर सगळं ऐकू यायचं. "रेखा, ते पुन्ना तुझा पासवर्ड मागून राहिलं बघ. जेवलीस का?" ती एकेक अक्षर सांगायची. हे टाकायचे, लिहून मात्र ठेवायचे नाहीत.

परवा ते माझ्या दारात आले. फोन हातभर लांब धरलेला, मान दुसरीकडं. रेखाचा मेसेज होता. पासवर्ड, आणि खाली: 'मामा, हे जपून ठेवा. दरवेळी फोनची तकलीफ नको.'

"काढून टाका तो," ते म्हणाले. "मी वाचला न्हाई."

मी काढला. त्यांनी फोन खिशात ठेवला. तरी उंबऱ्यातच उभे.

"क्लासातून ती रोज कितीला मोकळी होत असंल, काही अंदाज हाय का तुमाला?"